ओसरीतले टपाल आणि देवाचा हवाला

प्रति,
मा. संपादक,
वाचकांची पत्रे

विषय : लेखनाची आयुष्यभराची आस आणि ईश्वरावरचा भरवसा

महोदय,

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात काही दिवसांपूर्वी एका तरुण वाचकाचे पत्र वाचले. खेड्यापाड्यांतली लिहू इच्छिणारी माणसे ‘देवाच्या मनात असेल तेव्हा होईल’ असे म्हणत वर्षे घालवतात, हा विश्वास नसून आळस आहे आणि देवाचे नाव पुढे करून झाकलेली भीती आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे, कारण ती चूक मी स्वतः केलेली आहे. उरलेले अर्धे मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे सांगताना पत्र लांबले तरी आपण ते छापावे, अशी विनंती करतो.

मी चांदूर बाजार तालुक्यातल्या एका लहान गावचा रहिवासी आहे. १९७९ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, मी गावच्या शाखा डाकघराचा पोस्टमास्तर झालो आणि २०२२ साली पासष्टी पूर्ण होताच निवृत्त झालो. खेड्यातल्या शाखा डाकघराला सरकारी इमारत क्वचितच असते. पोस्टमास्तराने आपल्याच घरातली जागा द्यायची, दिवसातले काही तास काम करायचे आणि पोटासाठी दुसरे साधन बाळगायचे, अशी ती व्यवस्था आहे. आमचे डाकघर आमच्या ओसरीत होते आणि पोटाला दीड एकर संत्र्याची बाग होती.

लिहिण्याची आस या नोकरीच्या आधीची आहे. चातुर्मासात आमच्या घरी पोथी लागत असे. वडिलांना दिसेनासे झाले तसे वाचन माझ्याकडे आले. तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. एका ओवीपाशी बायका डोळ्यांना पदर लावत आणि पुढच्याच ओवीपाशी त्यांच्या चेहऱ्यावर हसू येई, हे मी मान वर करून पाहत असे. हे सारे कधीकाळी कोणीतरी एका जागी बसून लिहिले असेल, आणि त्याला या बायका ठाऊकही नसतील, हा विचार त्या वयात मला इतका मोठा वाटला की आपणही असेच काही लिहावे, याखेरीज दुसरे काही व्हावेसे मला पुढे कधी वाटलेच नाही.

पोस्टमास्तर झाल्यावर दुपारी टपालाचे काम आटोपले की त्याच मेजावर मी वही उघडून बसत असे. कादंबरीची चार वाक्ये होतात न होतात तोच खिडकीशी कोणीतरी उभे राही. ‘मास्तर, माह्या पोराले कार्ड लिवून द्या ना.’ पंधरा पैशांचे पोस्टकार्ड होते तेव्हा. कोणाला कार्ड लिहून हवे असे, कोणाला आलेले आंतरदेशीय पत्र वाचून हवे असे, आणि मनीऑर्डर आली की फॉर्मच्या खालच्या कोपऱ्यातल्या दोन ओळी ऐकायला अख्खे घर ओसरीत येऊन बसे. मी वही मिटत असे. तोंडावर कधी दाखवले नाही, पण मनात चडफड होई, आणि संध्याकाळी तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला बसलो की मी देवाजवळ एवढेच मागत असे, की मला लिहायला निवांतपणा दे आणि या खिडकीतून सोडव.

त्या कार्ड लिहवणाऱ्यांत एक म्हातारी होती. नवरा लवकर गेलेला, एकुलता मुलगा बल्लारपूरकडे कोळशाच्या खाणीत. दर पंधरा दिवसांनी ती येई, ओसरीच्या पायरीवर बसे आणि सांगू लागे. तिचे सांगणे इतके असे की दोन कार्डे पुरली नसती, पण शेवटी ती म्हणे, ‘हे नोका लिवू मास्तर. त्याले लिवा, माय बरी हाये, पराटी बरी हाये.’ पराटी म्हणजे कपाशी. एका पावसाळ्यात तिच्या घराची मागची भिंत पडली. रात्रभर पोते पांघरून ती चुलीपाशी बसून होती, ही सगळी हकीकत तिने मला सांगितली, आणि कार्डात मात्र एवढेच लिहवून घेतले, की ‘औंदा पाणी चांगला आला.’ मी ते वाक्य तिच्याच शब्दांत लिहिले, पत्ता लिहिला, शिक्का मारला आणि पुन्हा माझ्या कादंबरीकडे वळलो. आपल्या पुढ्यात काय घडले हे मला तेव्हा कळले नाही.

माझ्या कथा मी मासिकांना पाठवत होतो. स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकिटे लावलेले पाकीट सोबत जोडायचा तेव्हाचा शिरस्ता होता. टपालाची थैली एसटीने येई. लाखेची मोहोर तोडून मी ती मेजावर उपडी करी, आणि त्या ढिगात माझ्याच अक्षरातले पाकीट दिसले की आतला ‘साभार परत’चा कागद न फोडताच कळे. तरीही नियमाप्रमाणे त्या पाकिटावर त्या दिवसाच्या तारखेचा शिक्का मला माझ्या हाताने मारावा लागे. अशी सतरा पाकिटे माझ्या ट्रंकेत आहेत. सतरावे आले त्या दिवशी मी वह्याही त्याच ट्रंकेत ठेवल्या आणि बायकोला म्हणालो, की आता देवाच्याच मनात नाही. ती तांदूळ निवडत होती. तिने विचारले, ‘तुमाले देवानं सांगतलं का तसं?’ मी उत्तर दिले नाही, आणि त्यानंतर सहा वर्षे एक ओळ लिहिली नाही.

त्या तरुण वाचकाने जे लिहिले आहे ते या सहा वर्षांतल्या माणसाला तंतोतंत लागू पडते. नकाराचे दुःख सोसवत नव्हते, म्हणून मी ते देवाच्या नावावर चढवले. देवाने मला थांबायला सांगितले नव्हते. मी थकलो होतो, आणि थकलो असे कबूल करायला धजत नव्हतो.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची होती, आणि तिच्याबद्दल मला जास्त बोलायचे आहे, कारण गावोगावची लिहिणारी माणसे आजही तिच्यात सापडत आहेत. दहा-बारा वर्षांपूर्वी संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे हाती आले आणि त्याच आठवड्यात एका प्रकाशकाचा फोन आला. चाळीस हजार रुपये भरा, पाचशे प्रती काढू, असे तो म्हणाला. पैसे यायला आणि फोन यायला एकच गाठ पडली, तेव्हा हा देवाचाच कौल आहे, असे मी मानले. विहिरीवरची मोटार बदलण्यासाठी ठेवलेली ती रक्कम मी घरात कोणाला न विचारता पाठवून दिली. आठ महिन्यांनी तीनशे प्रती आल्या. त्यांतल्या बहुतेकांत चौथा फर्मा, म्हणजे एकत्र छापलेल्या सोळा पानांचा गठ्ठाच नव्हता; पान ४८ संपले की पान ६५ सुरू होत होते. पुढे फोन लागला नाही. त्या उन्हाळ्यात जुनी मोटार जळाली आणि बागेची एक ओळ वाळली. ती वाळलेली झाडे तोडताना बायको मला एक शब्दही बोलली नाही, ही गोष्ट मला त्या चाळीस हजारांपेक्षा जास्त लागली.

मी देवाचा कौल म्हटला तो माझा उतावळेपणा होता. त्या फोननंतर मला रात्रभर झोप आली नव्हती, कोणाला सांगू नये असे वाटत होते, आणि दुसऱ्याच्या वाट्याचे उचलावे लागत होते. या तीन खुणांनी मला तेव्हाच थांबवायला हवे होते. देव एखाद्याला वाट दाखवतो तेव्हा ती घरच्यांपासून लपवावी लागत नाही, असे मी आता अनुभवाने सांगू शकतो. पैसे भरून पुस्तक छापणे हे पाप नाही, पण लेखी करार, प्रतींची संख्या आणि बांधणीपूर्वी छापील फर्मे डोळ्यांखालून घालण्याचा हक्क, एवढे तरी पदरात पाडून घेतल्याशिवाय कोणीही रक्कम देऊ नये, हे मी या पत्राच्या निमित्ताने सर्वांना हात जोडून सांगतो.

आमच्या भागातल्या वाचकांना संत्र्याचा दाखला पटेल. आंबिया बहार धरायचा तर थंडीत झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे त्याचे पाणी तोडावे लागते. पाहुण्याला वाटते, की शेतकऱ्याने बाग सोडून दिली. पण ताण किती दिवस द्यायचा हे जमिनीवर ठरते. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त. रोज बागेत जाऊन पाने पाहावी लागतात. पाने मलूल होऊन गळू लागली की पाणी सोडायची वेळ जवळ आली, हे ओळखावे लागते, आणि ती वेळ चुकली तर झाड बहाराऐवजी वाळत जाते. फूल काढणे शेतकऱ्याच्या हाती नाही, हे आमच्याकडचा प्रत्येक जण मानतो, पण तेवढ्यासाठी रोज बागेत जायचे कोणी थांबत नाही. माझी सहा वर्षे ही बागेत न जाता दिलेल्या ताणाची होती, म्हणून त्यांतून काही फुटले नाही.

निवृत्तीच्या वर्षी, २०२२ मध्ये, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवाला मी गुरुकुंज मोझरीला गेलो होतो. महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी देह ठेवला, आणि महोत्सवात त्या वेळेला मौन श्रद्धांजली होते. जे गेलेले नाहीत त्यांना त्या मौनाची कल्पना येणार नाही. लाखाच्या घरातली माणसे, लेकरे, दिंड्या, सगळे जागच्या जागी थांबतात आणि एवढ्या मोठ्या मैदानात वाऱ्याने हलणाऱ्या पताकांखेरीज काही ऐकू येत नाही. दरवर्षी त्या वेळी मी काहीतरी मागत असे. त्या वर्षी नोकरी संपलेली होती, खिडकी बंद झालेली होती, ज्या निवांतपणासाठी चाळीस वर्षे प्रार्थना केली तो मिळालेला होता, आणि लिहायला बसलो तर सुचत काहीच नव्हते. म्हणून मी काही मागितले नाही. तुला जे लिहवून घ्यायचे असेल ते माझ्यापुढे आण, मी उठून जाणार नाही, एवढेच मनात म्हटले. कोणताही आवाज आला नाही, अंगावर काटा आला नाही. संध्याकाळच्या गाडीने मी घरी आलो.

त्यानंतर काही महिन्यांनी त्या म्हातारीचा मुलगा आमच्या ओसरीत आला. तो खाणीतून निवृत्त होऊन गावी परतला होता. त्याची आई जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती. त्याच्या हातात जुन्या पद्धतीची, खाली लाकडी चकती असलेली तार होती आणि तिच्यात पोस्टकार्डे ओवलेली होती. प्रत्येक कार्डाच्या मधोमध भोक आणि भोकाभोवती गंजाचा तांबूस डाग. मोजली तेव्हा त्रेसष्ट भरली. सगळी माझ्या अक्षरातली. माझे सतराही बाड परत आले होते, आणि मी ज्यांना लेखन समजतच नव्हतो ती ही त्रेसष्ट कार्डे एका माणसाने खाणीजवळच्या एका खोलीत आयुष्यभर जपून ठेवली होती.

तो म्हणाला, ‘मास्तर, मायनं कार्डात काय नाई लिवलं, ते सांगा.’

मी गप्प राहिलो. टपालखात्यातल्या माणसाने दुसऱ्याच्या पत्रातले बाहेर बोलू नये, हे मी चाळीस वर्षे पाळले होते. पण विचारणारा तिचा मुलगा होता, पत्रे त्याच्याच नावची होती, आणि पुढ्यात जे येईल त्यापासून उठून जाणार नाही असे मी मोझरीला म्हणून आलो होतो. ‘औंदा पाणी चांगला आला’ हे कार्ड तारेतून काढून मी हातात घेतले आणि त्याला ती भिंत सांगितली. पोते सांगितले, चूल सांगितली. साठी उलटलेला तो माणूस पायरीवर, त्याची आई बसायची त्याच जागी बसून, बराच वेळ रडला. जाताना म्हणाला, ‘हे लिवून ठेवा.’

आता मी तेच लिहितो आहे. कार्डात काय लिहवून घेतले आणि काय गाळायला सांगितले, हे जेवढे स्मरते तेवढे, एकेका घरी जाऊन, मुलांची-नातवंडांची परवानगी घेऊन, आणि ज्यांनी नको म्हटले त्यांचे वगळून. खिडकीशी येणाऱ्या माणसांना मी अडथळा समजत होतो. देवाने मला मागितलेले तेव्हाच दिले होते, रोज दुपारी, पंधरा पैशांच्या कार्डाएवढे, असे मी मानतो. कोणी याला योगायोग म्हणेल. त्याच्याशी माझा वाद नाही. मी फक्त एवढेच म्हणतो, की वाट दाखवणारा आहे असे मानल्यामुळेच मी त्या दिवशी त्या माणसाला ‘उद्या या’ असे म्हणालो नाही.

हा विश्वास आमच्या भागाला नवा नाही. आमच्याच तालुक्यातल्या माधानच्या संत गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती. १८८१ ते १९१५ एवढेच त्यांचे आयुष्य, आणि तेवढ्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. ते सांगत आणि इतर लिहून घेत. त्या लिहून घेणाऱ्या हातांचा मी आता वारंवार विचार करतो. त्यांनीही आपापले काही लिहायचे बाजूला ठेवले असेल. आणि आमच्या शेजारच्या मोर्शी तालुक्यात ऋद्धिपूर आहे, जिथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधर स्वामींच्या लीळा, म्हणजे आठवणी, गोळा केल्या. ज्याने पाहिले, ज्याने ऐकले, त्याच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून त्यांनी त्या लिहिल्या. मूळ पोथी पुढे धामधुमीत गेली आणि शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. ‘लीळाचरित्र’ हा मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ अशा पायपिटीतून आणि अशा भरवशावर झाला. म्हाइंभटांनी देवाची आज्ञा म्हणून ते काम केले, आणि त्यांच्याइतके कष्ट घेणारा लेखक मला तरी दुसरा ठाऊक नाही. त्या तरुण वाचकाने एकदा ऋद्धिपूरला अवश्य जावे; आता तर तिथे मराठी भाषेचे विद्यापीठही झाले आहे.

यातूनच एक सूचना करावीशी वाटते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद गावोगावी झाला. पण गावातल्या ट्रंकांमध्ये आजही जी मराठी वह्यांतून पडून आहे, भजनांची, डायऱ्यांची, हकिकतींची, तिला कोणी वाली नाही. लिहिणारा गेला की ती रद्दीत जाते. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे आपल्या राज्यात खेड्यापर्यंत ग्रंथालये पोचली. आमच्या गावातही ‘ड’ वर्गाचे, म्हणजे सर्वांत लहान वर्गाचे, एक आहे. अशा प्रत्येक ग्रंथालयाने एक कपाट हस्तलिखित वह्यांसाठी ठेवावे, त्या रीतसर दाखल करून घ्याव्यात आणि वाचायला द्याव्यात. छापले जाणे न जाणे देवावर सोडता येते. वही वाळवीला सोडू नये. आपल्या वृत्तपत्रानेही आठवड्यातून एखादा रकाना अशा वह्यांतल्या मजकुराला द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

रजिस्टर्ड टपाल ही वेगळी सेवा २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, त्यामुळे हे पत्र मी जुन्या सवयीने नुसत्या रजिस्टर्ड टपालाने पाठवू शकलो नाही. स्पीड पोस्टाने पाठवत आहे. परतीचे पाकीट जोडलेले नाही.

आमच्या ग्रंथालयाने माझी पहिली वही दाखल करून घेतली आहे. दोनशे पृष्ठांची, निळ्या पुठ्ठ्याची, पाठपोट लिहिलेली. तिच्यात अकरा घरांच्या हकिकती आहेत आणि पहिली त्या भिंतीची आहे. सध्या ती वाचायला त्या म्हातारीच्या मुलाने नेलेली आहे. दुसरी वही अर्धी झाली आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्रामीण पोस्टमास्तर
तालुका चांदूर बाजार, जिल्हा अमरावती